दर माणशी चार लिटर

"दर माणशी चार लिटर," अपर्णानं त्या बाईचं इंग्रजी मराठीत करून सांगितलं. "बाबा, आपल्याकडे तिघांत मिळून सहाच बाटल्या आहेत. लिटरच्या."

"बास झालं की. दोन तासांची फेरी आहे. आपण काय उंट घेऊन चाललोय का?"

ती बाई म्हणजे तिथली रेंजर. साठीच्या घरातली, खाकी शर्ट, रुंद काठाची टोपी, टोपीखालून पाठीवर आलेली पांढरी वेणी. छातीवरच्या पट्टीवर मार्था असं नाव. मी काय बोललो ते तिला कळलं नसणार, पण सूर कळला. तिनं काउंटरमागच्या भिंतीवरचं एक चित्र मला बोटानं दाखवलं. सूर्य, डोंगर आणि वाटेवर आडवा पडलेला माणूस.

मला राग आला. चौतीस वर्षं मी आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली. व्हॉल्व्हमन म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. माणसाला किती पाणी लागतं हे मला चित्रं दाखवून शिकवायचं?

"तिला सांग," मी अपर्णाला म्हटलं, "म्हणावं, आमच्या या बाबांनी अख्खं गाव जगवलंय पाण्यावर."

"बाबा, चला आता."

दाराजवळच्या बाकावर कुमुद बसली होती. माझी बायको. ओढणी तोंडाला लावून हसली. एरवी पदर लावायची, पण पोरीनं तिला पंजाबी ड्रेस घालायला लावला होता. तिचं ते हसणं मी नीट बघितलं असतं तर ओठांना पडलेल्या भेगा मला तेव्हाच दिसल्या असत्या. मी बघितलं नाही.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. टेक्सासच्या पार पश्चिमेला, मेक्सिकोच्या हद्दीजवळ, एक राष्ट्रीय उद्यान आहे. नाव मला धड घेता येत नाही, म्हणून घेत नाही. उद्यान म्हटलं की आपल्याला कारंजं आणि घसरगुंडी आठवते. इथं शेकडो मैल वाळवंट, आणि मधेच डोंगरांचं कोंडाळं. त्या कोंडाळ्याच्या आत सरकारनं पर्यटकांची सोय केलेली. माहिती केंद्र, एक दुकान, एक जेवणाची जागा, राहायच्या खोल्या, तंबूंसाठी आखून दिलेले चौकोन, पत्र्याच्या छपराखाली सिमेंटची बाकं. संडास कोरडे, बिनपाण्याचे, पण वास म्हणून नाही. हे मात्र मी मानलं. माहिती केंद्राबाहेर एक नळ होता आणि त्यावर पाटी, पुढे कुठेही पाणी मिळणार नाही. मी तो सोडून बघितला. प्रेशर उत्तम. टाकी कुठे आहे ते शोधायला मागे गेलो, तर अपर्णानं हात धरून परत आणलं.

आमचं तिथं जाणंही अचानकच ठरलं. आम्ही ह्यूस्टनला तिच्याकडे तीन महिन्यांसाठी गेलो होतो. जावई कामासाठी बाहेरगावी. शुक्रवारी संध्याकाळी पोरगी ऑफिसातून आली ती म्हणाली, सोमवारी सुट्टी आहे, जोडून कुठेतरी जाऊ या. मी म्हटलं, दोन दिवसांसाठी दहा तास गाडीत बसायचं? तर कुमुदच म्हणाली, "जाऊ या की हो. तुम्हाला डोंगर आवडतात." मला डोंगर आवडतात हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

शनिवारी दिवेलागणीला पोचलो. जेवायला बसलो तर कुमुदनं ताटाला हात लावला नाही. पित्त झालंय म्हणाली. समोर बर्फाच्या पाण्याचा भला मोठा ग्लास ठेवलेला. तोही तसाच. "दात शिवशिवतात," म्हणाली. मी तिच्या वाटचा पाव खाल्ला.

रविवारी पहाटे जाग आली तर ही खोलीत नव्हती. मागच्या बाजूला सिमेंटचं एक टेबल होतं, त्यावर वाळू थापून हिनं महादेवाची पिंड केली होती. बेलाची वाळकी पानं, हळदीकुंकवाची पुडी, सगळं भारतातून बरोबर आणलेलं.

"अगं, इथली काडीसुद्धा उचलायची नाही असं लिहिलंय."

"उचलली कुठे? झाल्यावर परत तिथंच पसरणार आहे. आणि वाळूचा काय तोटा आहे इथं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हरितालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. परमुलखात तिथी कुठली लक्षात राहते? तिच्या मात्र राहिली होती.

"पाणी घेतेयस ना?" मी विचारलं. लग्नानंतर तीसेक वर्षं तिनं हा उपास निर्जळी केला. मग साखर निघाली, मूत्रपिंडं थोडी कमजोर आहेत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून चार वर्षं पाणी आणि फळं घेऊन करायची.

"घेते हो. माझी साखर मला कळत नाही का?"

माझ्याशी ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. म्हणजे माझी तशी समजूत होती.

दहाला निघालो. ती वाट दोन डोंगरांमधल्या एका फटीकडे जाते आणि फटीतून खालचं वाळवंट दिसतं. वाटेचा कावा असा की जाताना सगळा उतार. गार वारा होता, पाय आपोआप पडत होते. कुमुद मधेच थांबायची, बाटलीतून वरून पाणी तोंडात घ्यायची, खळखळून चूळ भरायची आणि झुडपाच्या मुळाशी टाकायची.

"अगं, पाणी वाया घालवू नकोस. पिऊन टाक."

"झाडाला पण तहान असते," ती म्हणाली.

अपर्णा हसली. मीही हसलो. बाटली रिकामी होत होती, म्हणजे ही पितेय, एवढंच माझ्या डोक्यात. मीटर वाचून हयात गेलेला माणूस मी, आणि पाणी जातंय कुठे ते बघितलं नाही.

फटीपाशी फोटो काढले. परत फिरलो तेव्हा वारा पडला होता आणि आता सगळा चढ. अर्ध्या तासात कुमुद एका दगडावर बसली. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. मी तिच्या कपाळाला हात लावला. तापलेलं, आणि कोरडं ठक्क. त्या उन्हात तिला घामाचा एक थेंब नव्हता.

"पाणी पी."

"प्यायले."

मी तिच्या पिशवीतली दुसरी बाटली काढली. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं.

अपर्णानं आईचं तोंड उघडून बघितलं, जीभ बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, तू सकाळपासून प्यायली नाहीस?"

कुमुदनं ओढणी तोंडावर ओढली.

फोन लागत नव्हता. त्या डोंगरांत कुठेच लागत नाही, तसं माहिती केंद्रातच लिहून लावलेलं होतं. अपर्णा म्हणाली, "मी वर जाऊन रेंजरला आणते. बाबा, तिला पाणी पाजा. कसंही करून पाजा." आणि पोरगी चढावर पळत सुटली.

मी कुमुदला ओढत एका खडकाच्या सावलीत नेलं. सावली कसली, एका माणसापुरती पट्टी. तिला आत बसवलं, मी उन्हात.

"घे."

"नको."

"अगं, बायका पाणी पिऊन करतात हा उपास. तू चार वर्षं करतेयस."

"यंदा नाही."

"यंदा काय सोनं लागलंय?"

तिनं डोळे मिटले. मी टोपणात पाणी घेतलं, तिच्या ओठाला लावलं. तिनं दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं आणि तिनं ओढणीनं ते पुसलं. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी एका हातानं तिचे गाल दाबले, लहान पोराला औषध पाजताना दाबतात तसे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझा हात आपोआप गळला. गावाच्या सगळ्या टाक्यांच्या चाव्या माझ्या हातात होत्या एके काळी, आणि बायकोच्या तोंडात चमचाभर पाणी घालता येईना.

मग मी चिडलो. मला दुसरं काही येत नाही, घाबरलो की चिडतो. "उपास कोणासाठी? माझ्यासाठीच ना? मग मीच सांगतोय, पी."

"तुमच्याकडे कुठे मागितलंय मी? ज्याच्याकडे मागितलं, तो बघेल."

"तो बघतोय काय, तू मरशील इथं."

"मेले तर सवाष्ण मरेन. वाईट काय त्यात?"

तिचा आवाज जाड झाला होता. जीभ टाळूला चिकटत होती. मी घड्याळात बघितलं. माझं मनगटी घड्याळ मी कधी बदललं नाही, ते भारताच्याच वेळेवर चालायचं. बारा वाजून पाच मिनिटं. रात्रीचे. इथं दुपारचा दीड.

मला एकदम सुचलं. "हे बघ," मी घड्याळ तिच्या डोळ्यांपुढे धरलं, "आपल्या घरी बारा वाजून गेले. हरितालिका संपली. आपल्या देवघरातला देव झोपला. पी आता."

ती हसली. खरंच हसली. "तिथली संपली हो. इथली कुठे संपलीय?"

"मग इथली तरी कधी लागली? आज सकाळीच ना? सहा-सात तासच झालेत."

"काल संध्याकाळी तिकडे उजाडलं," ती म्हणाली. "तेव्हापासून धरलाय. कुठल्या घड्याळाचा मोजतात ते मला कुठे माहीत? म्हटलं दोन्हीकडचा करावा. उगाच मधे फट नको राहायला."

मला समजायला क्षणभर लागलं. पित्त. दात शिवशिवतात. शनिवारी संध्याकाळपासून या बाईच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि तिचा उपास सुटायला अजून अर्धा दिवस आणि अख्खी रात्र बाकी होती.

मला भीती वाटली. इतकी कधी वाटली नव्हती. मी बाटली आपटली. "ठीक आहे. मग मी पण पिणार नाही. बसू दोघं असेच."

तेव्हा ती पहिल्यांदा दचकली. माझा हात धरला. "नाही, नाही. तुम्ही प्या. तुम्हाला ताकद लागणार आहे."

"कशाला?"

"बुधवारी."

"बुधवारी काय आहे?"

मी तिचे खांदे धरून हलवलं. तशी म्हणाली, "अपर्णानं तुमची तपासणी करून आणली नव्हती का, खोकल्याची? शुक्रवारी फोन आला. फुप्फुसात डाग आहे. बुधवारी तुकडा काढून बघणार आहेत. पोरगी म्हणाली, तोवर बाबांना सांगायचं नाही, फिरवून आणू." आणि मग म्हणाली, "मी दुसरं काय करणार होते? मला एवढंच येतं."

खोटं कशाला बोलू, माझ्या डागाची भीती मला वाटलीच. पण ती नंतर, रात्री. तेव्हा मी बाटलीचं झाकण उघडलं आणि तिच्यासमोर घटाघटा सगळी बाटली प्यायलो, कारण तिला तेच हवं होतं. ती समाधानानं बघत होती. आयुष्यात इतकं वाईट पाणी मी प्यायलो नाही.

अपर्णा आणि मार्था आल्या तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. मागून दोन पोरं एका चाकाचं स्ट्रेचर घेऊन येत होती. मार्थानं गुडघे टेकले, नाडी बघितली, ताप बघितला. पिशवीतून सुई आणि सलाईन काढून मांडलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो.

तिनं कुमुदला काही विचारलं. अपर्णानं सांगितलं, "आई, तुझं नाव काय, विचारतात."

"कुमुद."

"आपण कुठे आहोत?"

"डोंगरात. अमेरिकेत."

"आज वार कोणता?"

"रविवार," कुमुद म्हणाली. "हरितालिका."

तिन्ही उत्तरं बरोबर. मग मार्थानं सुई दाखवली.

"त्यात काय असतं?" कुमुदनं विचारलं.

"पाणीच गं आई. मीठ घातलेलं."

"मग नको. अंगावर ओता हवं तर. आत नको."

अपर्णा रडायला लागली. मार्थाला सांगताना तिचं इंग्रजीसुद्धा तुटत होतं. मार्थानं शांतपणे आणखी एक प्रश्न विचारला. अपर्णा तो मराठीत करेना. मी म्हटलं, "काय म्हणते?"

"विचारतात, पाणी घेतलं नाहीस तर मरशील, हे तुला कळतंय का?"

"हो," कुमुद म्हणाली.

मार्था मागे सरली आणि टाचांवर बसली. मी ओरडलो, "टोचत का नाही ती?"

"बाबा, आई शुद्धीवर आहे. सगळं नीट कळतंय तिला. ती नको म्हणाली तर त्यांना हात लावता येत नाही. तसा कायदा आहे."

मी मार्थापुढे हात जोडले. मला येतं तेवढं इंग्रजी काढलं. "मॅडम, आय हजबंड. फॉर मी, नो वॉटर. गॉड. टुडे. आय से गिव्ह." ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात मांडीवरच. तिनं फडकी ओली करून कुमुदच्या मानेवर, काखेत ठेवली. मग घड्याळ बघितलं आणि अपर्णाला हळूच काहीतरी म्हणाली.

"काय?"

"म्हणतात... ती बेशुद्ध झाली की लगेच देता येईल. मग परवानगी लागत नाही."

मग आम्ही तेच केलं. चार-पाच माणसं तिच्याभोवती बसलो, सुई तयार, पाण्याची पिशवी एका पोरानं उंच धरलेली, आणि कुमुद बेशुद्ध व्हायची वाट बघत राहिलो. दर दोन मिनिटांनी मार्था विचारायची, नाव काय. कुमुद सांगायची. मी मनात म्हणत होतो, चूक. देवा, एकदा चुकू दे तिला. सहाव्या-सातव्या वेळेला ती "अपर्णा" म्हणाली, आणि पुढच्या वेळेला काहीच म्हणाली नाही. मार्थाचा हात इतक्या झटकन चालला की सुई कधी आत गेली ते मला दिसलंच नाही.

वाचली ती. दोन आठवडे दवाखान्यात होती. माझा तुकडाही काढला. लहानपणी कधी छातीचं दुखणं झालं असेल, त्याचा वाळलेला व्रण निघाला. बाकी काही नाही. कुमुदला सांगितलं तेव्हा तिच्या नाकात नळी होती. तिनं हात हलवून मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बघा. फळलं." तो व्रण साठ वर्षांपूर्वीचा आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

मूत्रपिंडं मात्र परत उठली नाहीत. आधीच कमजोर होती, त्या दिवसानं संपवली. घरी आल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि त्या आजारात पाणी मोजून द्यावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. जास्त झालं तर छातीत भरतं. डॉक्टरांनी माप लिहून दिलं, दिवसाला पाऊण लिटर. चहा, आमटी, गोळ्यांचं पाणी, सगळं त्यातच. मी खुणा केलेलं स्टीलचं भांडं आणलं. घरातला माठ मीच उचलून शेजाऱ्यांकडे दिला, कारण ती त्याच्याकडे बघत बसायची.

तीन वर्षं मी ते भांडं सांभाळलं. "अहो, घोटभर," ती म्हणायची. मी नाही म्हणायचो. ओला कापूस ओठांवरून फिरवायचो. मी वळलो की ती कापूस चोखायची.

शेवटच्या वर्षी हरितालिका आली. ती खाटेवर होती. भांडं दुपारी दोनलाच संपलं होतं. चारला तिनं मला हाक मारली.

"घोटभर द्या ना."

मी गंमत करायला गेलो. "आज तर तुझा उपास असतो."

"मोडला म्हणा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मागायचं तेवढं मागून झालं. आता मला तहान लागलीय."

स्वयंपाकघरात नळाला पाणी आलं होतं. मी सकाळी नीट बंद केला नव्हता, त्याचा आवाज तिच्या खाटेपर्यंत येत होता. मी उठलो आणि नळ बंद करून आलो.